डोंगर उजव्या हाताला

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात चार दिवस काढून पाचोरा-जामनेर आणि मूर्तिजापूर-अचलपूर या दोन छोट्या रेल्वेमार्गांवर जाऊन आलो. दोन्हीकडची गाडी बंद आहे, त्यामुळे फिरणं झालं ते एसटी, काळी-पिवळी आणि रिक्षाने. बरोबर एक जाड पाकीट होतं. त्यात ४७ फोटो. पैकी ३१ फोटो जानेवारी १९९८मधले, पाचोरा-जामनेरच्या डिझेल गाडीचे. तेव्हा मी बारावीत होतो. काकांचा कॅमेरा चार दिवसांसाठी मागून घेतला होता आणि ३६ फोटोंचा एक अख्खा रोल मी त्या एका गाडीवर संपवला होता. बाकीचे १६ फोटो २००४ साली अचलपूरच्या गाडीने गेलो होतो तेव्हाचे.

फोटो घेऊन त्याच जागी जायचं आणि तिथल्या माणसांना ते दाखवायचे, एवढंच ठरवलं होतं.

पहिला दिवस : पाचोरा

पुण्याहून रात्रीच्या गाडीने निघून सकाळी पाचोऱ्याला उतरलो. धुकं होतं आणि थंडी चांगलीच बोचत होती. खानदेशातली जानेवारीतली सकाळ पुण्यापेक्षा कडक असते. स्वेटर बॅगेच्या तळाशी टाकू नका.

माझे वडील पाचोऱ्यात राहून शेंदुर्णीच्या शाळेत शिकवायचे. रोज सकाळी ‘पीजे’ने जायचं, संध्याकाळी ‘पीजे’ने परत. पाचोरा-जामनेर असं पूर्ण नाव कोणी घेत नसे. पीजे आली, पीजे गेली, पीजे आज लेट आहे. शिक्षक, बँकेतले कारकून, दूधवाले, कॉलेजची मुलं, बाजाराला निघालेल्या बायका, सगळे अपडाऊनवाले. छप्पन्न किलोमीटरचा मार्ग, रुळांमधलं अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. शेजारच्या मुंबई-भुसावळ मार्गाचे रूळ १६७६ मिलिमीटरचे. मेल धडधडत निघून जायची तेव्हा बाजूला उभी असलेली आमची गाडी थोरल्या भावाशेजारच्या शेंडेफळासारखी दिसायची. पहिल्या महायुद्धाच्या शेवटाला सुरू झालेली ही गाडी २०२०च्या मार्चमध्ये करोनाच्या टाळेबंदीत थांबली आणि पुन्हा निघाली नाही. आता तिथे ब्रॉडगेज होणार आहे आणि मार्ग जामनेरच्या पुढे बोदवडपर्यंत जाणार आहे.

स्टेशनाबाहेर चहाच्या गाडीवर फोटो काढले आणि दहा मिनिटांत आठ-दहा जण जमले. त्यात मफलर गुंडाळलेले एक आजोबा होते. या मार्गावर रूळ-खडीची देखभाल करणारे गँगमन म्हणून त्यांनी नोकरी केलेली. सगळे त्यांना नाना म्हणत होते. मी मोठ्या कौतुकाने त्यांच्या हातात इंजिनाचा सगळ्यात चांगला फोटो दिला. इंजिन झेडडीएम-४ए. यातलं झेड म्हणजे अडीच फुटी रूळ, डी म्हणजे डिझेल, एम म्हणजे प्रवासी आणि माल दोन्ही ओढणारं. बारावीत हे मला पाढ्यासारखं पाठ होतं. नानांनी इंजिनाकडे पाहिलंच नाही. फोटो डोळ्यांजवळ नेऊन ते खालचा कोपरा बघत राहिले.

“खडी पाहा भो कशी भरेल आहे,” ते म्हणाले. “एक दगड बाहेर नाही. ही आमची गँग.”

सत्तावीस वर्षं तो फोटो माझ्याकडे आहे. त्यातली खडी मी कधीच पाहिली नव्हती.

नंतर दिवसभर तेच होत राहिलं. दूध घालणाऱ्या एकाने डब्याच्या खिडकीबाहेर लोंबणाऱ्या कॅनचा हिशेब सांगितला. कोणाचे कॅन पुढे आणि कोणाचे मागे, हे ठरलेलं असे. एका बाईंनी फलाटावरचं कडुलिंबाचं झाड ओळखलं. त्याच्याखाली त्यांची आई पेरू विकायला बसायची. इंजिनाबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. मला मात्र तेव्हा इंजिनाशिवाय काही दिसत नव्हतं. त्या डिझेलचा घुमणारा आवाज, गाडी उभी असतानाही बाकांना येणारा बारीक कंप, स्वेटरला दिवसभर राहणारा तो वास. आईला तो वास आवडत नसे. वडील घरी आले की स्वेटर आधी दोरीवर जायचा.

जुने फोटो घेऊन असं कुठे जाणार असाल, तर मूळ प्रत घरी ठेवा. मी चार बाय सहाच्या प्रिंट ६०० डीपीआयला स्कॅन करून घेतल्या होत्या आणि प्रत्येकीच्या दोन-दोन नव्या प्रती काढल्या होत्या. एक दाखवायला, एक देऊन टाकायला. देऊन टाकायची प्रत फार उपयोगी पडली. खडीचा फोटो नानांनी घडी न करता सदऱ्याच्या आत, छातीशी सरकवला.

रात्री ओळखीच्या घरी भरीत-भाकरी. कपाशीच्या काड्यांवर भाजलेली हिरवी, लांबट वांगी, लाकडी भांड्यात कुटलेली मिरची आणि कांद्याची पात. सोबत कळण्याची भाकरी. यावर जास्त लिहीत नाही, नाहीतर फोटो बाजूलाच राहतील.

दुसरा दिवस : शेंदुर्णी आणि वरखेडी

सकाळच्या एसटीने शेंदुर्णी. गावात सोन नदीच्या काठी त्रिविक्रमाचं देऊळ आहे आणि त्यामुळे शेंदुर्णीला प्रतिपंढरपूर म्हणतात. आधी दर्शन घेतलं, मग वडिलांच्या जुन्या सहकाऱ्यांकडे गेलो. या सरांनी बत्तीस वर्षं भूगोल शिकवला. वय ऐंशीच्या पुढे, पण बसणं अजून ताठ.

त्यांच्यापुढे फोटो ओळीने मांडले. प्रत्येकामागे मी त्या काळी निळ्या बॉलपेनने काहीतरी लिहिलेलं होतं. (हे करू नका. चकचकीत कागदावर बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. मागे मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने लिहावं.) एका फोटोमागे लिहिलं होतं, ‘सकाळची गाडी, पहूरच्या अलीकडे’. हा माझा सगळ्यात आवडता फोटो. गाडी समोरून येते आहे, इंजिनाच्या तोंडावर ऊन पडलं आहे, मागे वळणावर चार डबे आणि त्यांच्या खिडक्यांतून बाहेर आलेली डोकी. अगदी मागे डोंगरांची एक फिकट रेघ.

सरांनी भिंग मागवलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, “हे चुकीचं लिहिलंय तू.”

मी म्हटलं, “सर, मीच काढलाय.”

“काढलास तू. पण डोंगर बघ ना. अजिंठ्याचे डोंगर आपल्या लायनीच्या कोणत्या अंगाला?”

“दक्षिणेला.”

“फोटोत कोणत्या हाताला?”

“उजव्या.”

“मग तू तोंड करून उभा कुठे होतास?”

दक्षिण उजव्या हाताला, म्हणजे तोंड पूर्वेला. गाडी माझ्याकडे येतेय, म्हणजे ती पश्चिमेला, पाचोऱ्याकडे निघाली आहे. आणि इंजिनाच्या तोंडावर ऊन आहे, म्हणजे सूर्य माझ्या पाठीशी, पश्चिमेला. सकाळ नव्हेच. ही संध्याकाळची, परतीची गाडी.

सर पाटीसमोर उभे असल्यासारखे एकेक पायरी सोडवून घेत होते आणि मी पुन्हा नववीत जाऊन बसलो होतो. सकाळची जामनेरकडे जाणारी गाडी असती तरी तिच्या तोंडावर ऊन असतंच, म्हणून माझी गफलत झाली. पण मग डोंगर डाव्या हाताला आले असते. शिवाय पहूरला डोंगर याहून जवळ दिसतात, हेही त्यांनी जाता जाता सांगितलं. “हे वरखेडीच्या आसपासचं आहे. ती विहीर दिसतेय ना, तिच्यावरून सांगतो.”

अशी चूक व्हायचं एक कारण आहे. त्या रोलच्या निगेटिव्ह माझ्याकडे नाहीत. ज्या स्टुडिओत रोल धुवायला दिला, तिथे प्रिंट मिळाल्या आणि निगेटिव्हचं पाकीट कुठेतरी गहाळ झालं. पाच फोटो तर प्रिंट न होताच गेले. निगेटिव्हच्या कडेला प्रत्येक फोटोचा आकडा छापलेला असतो. ती पट्टी असती तर कोणत्या फोटोनंतर कोणता, हे एका नजरेत कळलं असतं. घरात जुन्या पट्ट्या असतील तर प्रिंटपेक्षा जास्त जपा. सरळ ठेवा, गुंडाळी करू नका, ओल लागू देऊ नका. आणि प्रिंट चिकट पानांच्या अल्बममध्ये असतील तर जमेल तितक्या लवकर सोडवून घ्या. माझ्या सहा प्रिंटची कड त्या गोंदात गेली. रंग तर उडतातच. निळा-हिरवा आधी जातो आणि सगळं जग तांबूस होऊन बसतं.

सर थांबले नव्हते. “संध्याकाळची गाडी म्हणजे तुझे वडील यात असणार. आणि मीसुद्धा पाचोऱ्याला काही काम असलं की याच गाडीने यायचो.” त्यांनी बोट ठेवलं. “तिसरा डबा. मास्तरांचा डबा. दुसऱ्या डब्यात बसलो तर दूधवाले हसायचे.”

तिथूनच वडिलांना फोन लावला. ते आता माझ्याकडे पुण्याला असतात, वय ८२. फोटो कधीचा, कुठला, हे सांगायला सुरुवात केली तर माझं वाक्य पुरं होऊ न देता म्हणाले, “वरखेडीच्या पुढे. तू सायकल बांधाला टेकवली होतीस. मी हात केला तुला.”

“मला दिसला नाहीत तुम्ही.”

“तू इंजिन बघत होतास.”

“बाबा, हे इतकी वर्षं बोलला नाहीत?”

“तू कधी विचारलंस?”

सर शेजारी बसून ऐकत होते. त्यांनी माझ्या हातातला फोटो घेतला, उलटा केला आणि माझ्या निळ्या अक्षरांखाली पेन्सिलीने बारीक, रेखीव अक्षरात लिहिलं : ‘संध्याकाळ. वरखेडी. पाचोऱ्याकडे.’

दुपारी काळी-पिवळीने वरखेडीला आलो. विहीर शोधायला अर्धा तास गेला, कारण तिचं तोंड आता झाडोऱ्यात गेलं आहे. एका शेतकरी दादांनी फोटो बघून बांधाबांधाने नेलं. कपाशीची शेवटची वेचणी झालेली, पलीकडे केळी आणि मधूनच गव्हाचा हिरवा तुकडा. कॅमेरा घेऊन उभा होतो त्याच जागी उभा राहिलो. डोंगर उजव्या हाताला, फोटोतल्यासारखेच फिकट निळे. पाच वाजून गेले होते आणि पाठीवर ऊन लागत होतं. तेव्हाही लागलं असणार. बारावीतल्या मुलाला त्यावरून वेळ कळायला हवी होती.

दादा म्हणाले, “गाडी यायची तेव्हा आमच्या म्हशी मान वर करायच्या. आता पाच वाजल्याचं त्यांना कळत नाही.”

इकडे जाणार असाल तर जुन्या मार्गावर, पुलांवर किंवा काम चालू आहे तिथे जाऊ नका. रस्ता जवळून जातो आणि फोटो बांधावरूनही चांगले येतात. हिवाळ्यात हवा स्वच्छ असली की डोंगर स्पष्ट दिसतात. एप्रिल-मेमध्ये उन्हाने सगळं पांढरं पडतं.

तिसरा दिवस : पहूर, जामनेर आणि पुढे

पहूरला फक्त चहा. अजिंठ्याची लेणी इथून जवळ आहेत, ज्यांनी पाहिली नसतील त्यांनी अर्धा दिवस जोडावा. जामनेरला कांग नदीच्या पुलावरून चालत गेलो. १९९८च्या फोटोत जामनेरला इंजिन गाडीपासून सुटून दुसऱ्या टोकाला जोडलं जातं आहे आणि भोवती शाळेची पंधरा-वीस पोरं उभी आहेत. शेवटचं स्टेशन असल्याने हे रोज घडायचं आणि तरी रोज बघायला पोरं असायची. एका दुकानदाराने त्यातली चार पोरं ओळखली. चौथ्याच्या वेळी थोडं थांबून म्हणाला, “हा आता नाही.” त्या घरी द्यायला एक प्रत त्याच्याकडे ठेवली.

दुपारच्या एसटीने भुसावळ, तिथून रेल्वेने अकोल्यावरून मूर्तिजापूर. रात्री पोचलो.

चौथा दिवस : मूर्तिजापूर ते अचलपूर

इथली गाडी म्हणजे शकुंतला. मूर्तिजापूरहून एक फाटा यवतमाळला, सुमारे ११३ किलोमीटर, आणि दुसरा अचलपूरला, सुमारे ७६. वऱ्हाडचा कापूस मुंबईला आणि तिथून मँचेस्टरच्या गिरण्यांना पोचावा, म्हणून इंग्रजी कंपनीने घातलेला हा अडीच फुटी मार्ग. गंमत म्हणजे देशातल्या रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं तरी याची मालकी कंपनीकडेच राहिली. गाडी चालवायची मध्य रेल्वे, रूळ कंपनीचे. मँचेस्टरमध्ये १९२१ साली बनलेलं वाफेचं इंजिन इथे १९२३पासून १५ एप्रिल १९९४पर्यंत राबलं. त्यानंतर डिझेल आलं. वाफेच्या इंजिनाचे फोटो पुष्कळांनी काढले आहेत. डिझेलच्या वाट्याला ते कौतुक आलं नाही. ‘त्यात काय काढायचं?’ असं मलाही लोकांनी विचारलं होतं. पण माझ्या पिढीची गाडी ती होती.

२००४ साली मी अचलपूरपर्यंत गेलो, तेव्हा सगळ्यात जास्त लक्षात राहिलं ते फाटक. गाडी रस्त्याच्या अलीकडे थांबली. गाडीतलाच माणूस खाली उतरला, चालत गेला, फाटक लावलं. गाडी रस्ता ओलांडून पुढे जाऊन थांबली. त्याने फाटक उघडलं, बैलगाड्या आणि सायकली गेल्या, आणि तो निवांत पावलं टाकत परत गाडीत चढला. त्याचे पाठोपाठ चार फोटो माझ्याकडे आहेत. उतरताना, लावताना, उघडताना, चढताना. इंजिन एकाच फोटोत आहे आणि तेही अर्धं. बारावीनंतर एवढं शिकलो होतो म्हणायचं.

मूर्तिजापूरला छोट्या गाडीच्या यार्डाकडे आता वेड्या बाभळीचं रान आहे. कुंपणाबाहेरून गंजलेले डबे दिसतात. एका डब्याच्या छतावर पिंपळ उगवला आहे. फार वेळ थांबवलं नाही.

तिथून दर्यापूर, अंजनगाव आणि अचलपूर, सगळं एसटीने. हा पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. काळी खोल जमीन, कपाशी आणि तूर, आणि विहिरीचं पाणी खारट. पाण्याची बाटली बरोबर ठेवा. दर्यापुरात एका शेतात हुरड्याला बोलावलं आणि शकुंतलेचे फोटो आहेत म्हटल्यावर शेकोटीभोवतीचं सगळं घर गोळा झालं. फाटकवाल्याचा फोटो हातोहात फिरला. एक आजीबाई म्हणाल्या, “काहून बंद केली बाप्पा हे गाडी? मी माहेरी याच गाडीनं जावो. हात दाखवला का थांबे.” त्यांना फलाटाची गरजच पडली नव्हती. शेताच्या कडेला उभं राहायचं आणि हात करायचा. त्यांनी मला कणसं चोळून हातावर दिली, वर तिखट-मीठ. गरम दाणे इतके कोवळे की दातांना काही कामच नव्हतं.

अंजनगावला पानमळे आणि पानपिंपळीची शेतं बघत थोडा वेळ घालवला. अचलपूरला पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. या भागातली गाडी पुन्हा सुरू व्हावी म्हणून माणसं अजून निवेदनं देतात, धरणं धरतात. स्टेशनाजवळ भेटलेले एक जण त्यातलेच. त्यांना सोळाच्या सोळा फोटो दाखवले. त्यांनी एकही स्वतःसाठी मागितला नाही. फक्त मोबाइलवर प्रत्येकाचा फोटो काढून घेतला आणि विचारलं, “महिना कोणता? तारीख लिवली का?” मी महिना सांगू शकलो, तारीख नाही. त्यांच्या चेहऱ्यावरची निराशा मला लागली. तारीख लिहून ठेवायला अर्धं मिनिट लागलं असतं.

परतवाड्याहून अमरावती, बडनेऱ्याहून रात्रीची गाडी.

घरी

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वडिलांसमोर वरखेडीचा फोटो ठेवला. मोठा करून आणला होता, पण मूळ प्रिंटच तांबूस आणि बारीक, त्यामुळे मोठा केल्यावर खिडक्यांतली डोकी म्हणजे नुसते ठिपके. चेहरे ओळखणं शक्य नव्हतं. वडिलांना त्याची गरज पडली नाही. कोण कुठे बसायचं, हे त्यांना पाठ होतं. तिसऱ्या डब्याच्या पहिल्या खिडकीवर त्यांनी बोट ठेवलं आणि नाव घेतलं. बँकेतले, नेहमी उलट्या दिशेला तोंड करून बसायचे. दुसऱ्या खिडकीत टपाल खात्यातले. त्यांच्या शेजारी पाचोऱ्याचे चित्रकलेचे मास्तर, ज्यांना गाडी लागायची म्हणून खिडकी त्यांनाच. चौथ्या खिडकीतून जो हात बाहेर आलाय, तो त्यांचा स्वतःचा. तो मोजताना ते थांबलेही नाहीत, पाचव्याकडे गेले.

ते सांगत होते आणि मी मागे लिहीत होतो. बाराव्या नावाला पेन्सिलीचं टोक मोडलं. दुसरी शोधून आणेपर्यंत ते बोट फोटोवर तसंच ठेवून, तेरावं नाव पुटपुटत बसले होते.